चिप आली, लिनक्सही चाललं... मग रिस्क-फाइव्हचा अँड्रॉइड फोन कुठे अडलाय?

डिसेंबर २०२५ मध्ये सी-डॅकची 'ध्रुव६४' ही चिप जाहीर झाली. १ गिगाहर्ट्‌झ, ६४-बिट, दोन कोअर आणि आतली रचना रिस्क-फाइव्हवर आधारलेली. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात असल्यामुळे आपल्याकडे ही बातमी जरा जास्तच आपुलकीने फॉरवर्ड होते. आणि अशा प्रत्येक बातमीखाली एक प्रश्न ठरलेला असतो: "मग आता आपला स्वतःचा फोन कधी?"

प्रश्न चुकीचा नाही, पण तो चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतो. रिस्क-फाइव्हच्या चिप जगात बऱ्याच आहेत, त्यावर लिनक्सचं कर्नेलही २०१८ पासून चालतंय. तरीही दुकानात जाऊन विकत घ्यावा असा रिस्क-फाइव्हचा अँड्रॉइड फोन तुम्हाला मिळणार नाही. अँड्रॉइड ज्या गूगलचं, त्या गूगलनेच मे २०२४ मध्ये या कामात एक पाऊल मागे घेतलं. ते का, हे समजून घ्यायचं तर ऑपरेटिंग सिस्टिम एका प्रोसेसरवरून दुसऱ्यावर नेणं म्हणजे नेमकं काय करणं, हे आधी पाहायला हवं.

मजकूर तोच, लिपी वेगळी

प्रोसेसरला फक्त स्वतःच्या सूचना कळतात. या सूचनांच्या ठरलेल्या यादीला इन्स्ट्रक्शन सेट म्हणतात. बहुतेक लॅपटॉपमध्ये एक्स८६, तुमच्या फोनमध्ये जवळजवळ नक्कीच आर्म. शिवकालीन पत्र मोडीत असतं. भाषा मराठीच, पण फक्त देवनागरी येणाऱ्याला ते वाचता येत नाही. तसंच एक्स८६साठी तयार केलेला प्रोग्रॅम आर्मच्या चिपला वाचता येत नाही. मूळ सोर्स कोड हातात असेल तर तो नव्या 'लिपीत' पुन्हा उतरवता येतो. ओपन-सोर्सचा खरा फायदा इथेच आहे. कंपनीची परवानगी न मागता कोणीही हे काम सुरू करू शकतो.

रिस्क-फाइव्हचा जन्म २०१०चा, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात. एक्स८६ इंटेल आणि एएमडीच्या ताब्यात, आर्मसाठी आर्म कंपनीला लायसन्सचे पैसे मोजायचे. रिस्क-फाइव्हची सूचनांची यादी मात्र कोणीही वापरू शकतं. इथे एक गैरसमज दूर करू: मोकळी आहे ती यादी. त्या यादीवरून बनवलेल्या चिपचं डिझाइन मोकळं असेलच असं नाही. अनेक कंपन्या आपलं रिस्क-फाइव्ह डिझाइन कुलूपबंदच ठेवतात आणि विकतात.

लिनक्स मुळात एकाच मशिनसाठी होतं

आज लिनक्स टीव्हीपासून सुपरकॉम्प्युटरपर्यंत सगळीकडे असल्यामुळे ते जन्मापासूनच असं असेल असं वाटतं. तसं नव्हतं. १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने ते स्वतःच्या इंटेल ३८६ मशिनसाठी लिहिलं. आपलं काम दुसऱ्या मशिनवर नेता येण्यासारखं नाही, हे त्याने पहिल्याच घोषणेत सांगून टाकलं होतं. ३८६ची खास सोय वापरून त्याने प्रोग्रॅमांची अदलाबदल केली होती. ती दुसऱ्या चिपमध्ये नव्हतीच.

मग डीईसी या कंपनीचं अल्फा प्रोसेसरवालं मशिन त्याच्यापर्यंत पोहोचलं. अल्फा ६४-बिट, ३८६ ३२-बिट. अल्फासाठी वेगळं लिनक्स काढणं सोपं होतं, पण टोरवाल्ड्सने मूळ कोडचीच फेरमांडणी केली: प्रोसेसरशी थेट बोलणारा भाग एका कप्प्यात, बाकी सगळं सामायिक. १९९५ च्या १.२ आवृत्तीत एक्स८६च्या जोडीला अल्फा, स्पार्क आणि मिप्स आले. आज कर्नेलच्या त्या कप्प्यात वीसेक प्रोसेसर-घराणी आहेत, आणि नवीन कोणी आलं की त्याच कप्प्यात एक फोल्डर वाढतं.

त्या फोल्डरमध्ये काय असतं? मेमरीची पानं कशी मांडायची, एका प्रोग्रॅमवरून दुसऱ्यावर उडी कशी मारायची, स्क्रीनला बोट लागलं की प्रोसेसरला हाक कशी मारायची, अ‍ॅपने कर्नेलकडे काही मागितलं तर दार कुठलं, अशा गोष्टी. काम अवघड आहे, पण मर्यादित आहे. रिस्क-फाइव्हचा हा भाग जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या ४.१५ आवृत्तीत अधिकृतपणे सामील झाला. त्याआधी २०१७ मध्ये जीसीसी या कंपायलरला रिस्क-फाइव्ह कळू लागलं होतं. कंपायलर नसेल तर बाकी काहीच हलत नाही.

'बूट झालं' या फोटोनंतरचं काम

काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं, खाली लॉगिन. असा फोटो आला की बातमी होते: 'अमुक चिपवर लिनक्स यशस्वी'. पण यानंतरच्या कामाला फोटो नसतो. आणि वर्षं तिथेच जातात.

एक छोटी चूक पाहा. सी भाषेत एक अक्षर साठवायला 'कॅर' नावाचा प्रकार असतो. त्यात उणे संख्या बसते की नाही, हे भाषेने ठरवलेलंच नाही. प्रत्येक प्लॅटफॉर्मने आपापलं ठरवायचं. एक्स८६वर बसते. आर्मच्या लिनक्सवर आणि रिस्क-फाइव्हवर बसत नाही. आता एखाद्याने फाइल वाचणारा प्रोग्रॅम लिहिला: 'उणे एक आलं की फाइल संपली, थांब.' एक्स८६वर वर्षानुवर्षं सुरळीत. नव्या चिपवर तेच उणे एक २५५ होऊन बसतं, अट कधीच पूर्ण होत नाही आणि प्रोग्रॅम गरगर फिरत राहतो. कंपाइल होताना एरर नाही, सुरू होताना एरर नाही. कोड चूकच होता, फक्त जुन्या मशिनने ती चूक झाकून ठेवली होती.

दुसरा प्रकार याहून त्रासदायक. 'पार्सल डिलिव्हर झालं' असा मेसेज आधी येतो आणि पार्सल दारात पाच मिनिटांनी, हा अनुभव सगळ्यांना आहे. अनेक कोअरच्या चिपमध्येही असं होतं. एका कोअरने आधी माहिती लिहिली, मग 'तयार' अशी खूण केली. दुसऱ्या कोअरला मात्र खूण आधी दिसली आणि माहिती जुनीच. एक्स८६ अशा क्रमाबाबत बरंच कडक आहे. आर्म आणि रिस्क-फाइव्ह सैल आहेत, तिथे क्रम पाळायला वेगळं बजावावं लागतं. ते राहून गेलं तर प्रोग्रॅम हजारदा नीट चालतो आणि हजार एकाव्या वेळी कोसळतो. असले बग शोधताना भलेभले रडकुंडीला येतात.

एक बरं आहे. आर्मवर नांदून आलेल्या सॉफ्टवेअरने हे दोन्ही धडे आधीच घेतलेले असतात, त्यामुळे अँड्रॉइडच्या जगाला ते तितके नडत नाहीत. अँड्रॉइडची अडचण वेगळी आहे.

व्हिडिओ प्लेअर, कॅमेरा, गेम यांच्या पोटात काही तुकडे थेट एका चिपसाठी हाताने लिहिलेले असतात, कारण वेग तिथूनच मिळतो. आर्ममध्ये एका झटक्यात अनेक आकडे हाताळणाऱ्या 'निऑन' सूचना आहेत. व्हिडिओ उलगडणारी लायब्ररी त्यांचा भरपूर वापर करते. रिस्क-फाइव्हवर ते तुकडे नव्याने लिहावे लागतात. नाही लिहिले तर व्हिडिओ चालतो, पण अडखळत, आणि बॅटरी मुकाट्याने उतरत जाते. ब्राउझरचं तर विचारूच नका. त्यातलं जावास्क्रिप्ट इंजिन चालता चालता स्वतःच मशिन कोड तयार करतं. म्हणजे त्याच्या आत एक छोटा कंपायलरच आहे, आणि प्रत्येक घराण्यासाठी तो वेगळा लिहावा लागतो. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप चालवणाऱ्या 'एआरटी' या भागाचंही तेच.

हे सगळं धीराने केलं तर किती वेळ लागतो, याचा अंदाज डेबियनवरून येतो. डेबियनचे स्वयंसेवक २०१८ पासून रिस्क-फाइव्हवर काम करत होते. अधिकृत दर्जा जुलै २०२३ मध्ये मिळाला आणि रिस्क-फाइव्ह असलेली पहिली स्थिर आवृत्ती, डेबियन १३, ऑगस्ट २०२५ मध्ये आली. कर्नेल तयार झाल्यानंतरची ही साडेसात वर्षं. डेबियनमध्ये ७० हजारांच्या आसपास पॅकेजेस आहेत. ती पुन्हा कंपाइल करायची, तपासायची, आणि एक अडलं की त्यावर टेकलेली पन्नास अडतात. त्यात सुरुवातीची रिस्क-फाइव्ह मशिनं इतकी संथ की मोठं पॅकेज बांधायला लावायचं आणि वाट बघत बसायचं.

गूगलने हात का आखडता घेतला?

अँड्रॉइडचा प्रवास सुरुवातीला जोरात होता. चीनच्या अलीबाबाच्या टी-हेड विभागाने स्वतःच्या चिपवर अँड्रॉइड १० चालवून दाखवलं होतं. २०२२ च्या अखेरीस गूगलने जाहीर केलं की रिस्क-फाइव्हला आर्मच्या बरोबरीचं स्थान द्यायचंय. ऑक्टोबर २०२३ मध्ये क्वालकॉम आणि गूगल यांनी मिळून रिस्क-फाइव्हवर स्मार्टवॉचची चिप करण्याची घोषणा केली. क्वालकॉमला यात एवढा रस का? कारण लायसन्सवरून आर्मने ऑगस्ट २०२२ मध्ये तिला कोर्टात खेचलं होतं. ज्याच्या जागेत दुकान आहे तोच दावा लावतो म्हटल्यावर दुसरी जागा बघून ठेवावी लागतेच.

आणि मग मे २०२४. अँड्रॉइडच्या सामायिक कर्नेलमधून रिस्क-फाइव्हचा भाग काढला गेला. 'गूगलने रिस्क-फाइव्ह सोडलं' अशा बातम्या झाल्या. ते खरं नाही. बाकी अँड्रॉइडमधला रिस्क-फाइव्हचा कोड तसाच राहिला. गूगलचं म्हणणं एवढंच की हे क्षेत्र फार वेगाने बदलतंय, त्यामुळे सगळ्या कंपन्यांना चालेल असं एकच कर्नेल देण्याची तयारी अजून नाही.

हे 'एकच कर्नेल' प्रकरण तुमच्याशी थेट संबंधित आहे. पूर्वी प्रत्येक फोन कंपनी कर्नेलमध्ये आपापले फेरफार करायची, आणि मग सुरक्षेची दुरुस्ती आली की ती प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळी बसवावी लागायची. ती अनेकदा बसवलीच जायची नाही. दोन वर्षांत फोनचे अपडेट थांबायचे, त्यामागे हेही एक मोठं कारण. म्हणून गूगलने गाभ्याचं कर्नेल सगळ्यांसाठी समान केलं आणि चिपपुरते भाग बाहेर वेगळे ठेवायला लावले. आता ज्या प्रोसेसरला हे सामायिक कर्नेलच नाही, त्याचा फोन काढणाऱ्या कंपनीने ते सांभाळायचं सगळं ओझं स्वतः उचलायचं. म्हणजे आपण पुन्हा जुन्याच खड्ड्यात.

पण रिस्क-फाइव्हसाठी एकच कर्नेल देणं इतकं अवघड का? कारण त्याची मोठी ताकद, लवचिकता, इथे उलटी लागते. मूळ यादी छोटी आहे, बाकी सूचना हव्या तशा जोडायच्या. कोणी गुणाकार-भागाकार घेतला, कोणी दशांशांचं गणित, कोणी व्हेक्टर. काही कंपन्यांना धीर धरवला नाही. व्हेक्टर सूचनांची पक्की १.० आवृत्ती २०२१ च्या शेवटी ठरली, पण टी-हेडच्या डिझाइनवरच्या चिप त्याआधीच ०.७.१ या कच्च्या मसुद्यावर बाजारात आल्या होत्या. दोन्ही जुळत नाहीत. चिप काही अपडेट मारून बदलता येत नाही. मग एका नावाखाली दोन बोली झाल्या, आणि निस्तरायचं कोणी? सॉफ्टवेअरवाल्यांनी.

यावर उत्तर म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये 'आरव्हीए२३' नावाचा नियमसंच मंजूर झाला: मोठी ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची असेल तर एवढ्या सूचना हव्यातच, व्हेक्टरसकट. माझ्या मते रिस्क-फाइव्हच्या इतिहासात कुठल्याही नव्या चिपपेक्षा हा कागद महत्त्वाचा आहे. त्याचा चटकाही लगेच बसला. उबुंटूने २५.१० आवृत्तीपासून आरव्हीए२३ सक्तीचं केलं आणि तोवर लोकांनी हौसेने घेतलेले जवळजवळ सगळे रिस्क-फाइव्ह बोर्ड त्या आवृत्तीसाठी बाद झाले. ज्यांनी पैसे घातले त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण तोडलं ते वेळीच तोडलं, असंच मला वाटतं. हीच फोडाफोड करोडो फोन विकल्यावर झाली असती तर?

भारतातच विकला गेलेला एक धडा

आर्म सोडून दुसऱ्या चिपवर अँड्रॉइड, हा प्रयोग आधी होऊन गेलाय आणि त्याची सुरुवात आपल्याच बाजारात झाली होती. एप्रिल २०१२ मध्ये लाव्हाचा झोलो एक्स९०० भारतात आला, किंमत २२ हजारांच्या घरात. इंटेलची चिप असलेला तो पहिला अँड्रॉइड स्मार्टफोन. पुढे आसूसचा झेनफोन २ सुद्धा इंटेलवर होता.

जावात लिहिलेली अ‍ॅप त्यावर जशीच्या तशी चालायची. पण ज्या अ‍ॅपच्या पोटात आर्मचे तुकडे होते (गेम तर बहुतेक सगळे), त्यांच्यासाठी इंटेलने चालता चालता भाषांतर करणारा थर दिला होता. दुभाषा मध्ये घालून बोलणं होतं, पण गप्पांची मजा जाते. डेव्हलपर म्हणायचे, इंटेलवाले फोन आहेतच किती? आणि अ‍ॅप मंद चालतात म्हणून लोक ते फोन घेईनात. जगातल्या सर्वात बलाढ्य चिप कंपन्यांपैकी एक, खिशात पैसा, हाताशी स्वतःचे इंजिनिअर. तरी २०१६ मध्ये इंटेलने फोनच्या चिपचा नाद सोडला.

अ‍ॅप नव्याने बांधून घेणं किती जड जातं याचं ताजं उदाहरणही आहे. अँड्रॉइडने मेमरीच्या पानाचा आकार ४ वरून १६ किलोबाइट करायची वाट मोकळी केली. प्रोसेसर तोच, आर्म. तरी पोटात नेटिव्ह तुकडे असलेली अ‍ॅप तपासून पुन्हा बांधावी लागली, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या अपडेटसाठी प्ले स्टोअरला ती अट सक्तीची करावी लागली. फक्त पानाचा आकार बदलल्यावर ही कथा, तर अख्खी सूचनांची यादी बदलल्यावर काय होईल?

सामील होणं म्हणजे सांभाळायचं वचन

पोर्टिंगबद्दल आणखी एक गोष्ट क्वचित बोलली जाते. ते एकदाच करून मोकळं होता येत नाही. कर्नेलमध्ये रोज बदल होतात आणि प्रत्येक बदलानंतर प्रत्येक घराणं चालू राहायला हवं. माणूस थकला, कंपनी बुडाली, की पोर्ट कुजतो. ज्या ३८६वर लिनक्स जन्मलं त्याचाच आधार २०१२ च्या डिसेंबरात काढून टाकायचं ठरलं, आणि टोरवाल्ड्सने त्यावर हळहळही व्यक्त केली नाही. इंटेलचं इटानियम ६.७ आवृत्तीत गेलं. अँड्रॉइडमध्ये एके काळी मिप्स होतं. २०१८ मध्ये डेव्हलपरच्या किटमधून तेही हटलं. गंमत म्हणजे मिप्स कंपनी स्वतःच नंतर रिस्क-फाइव्हकडे वळली.

आत असलेल्यांनाही सवलत नसते. ऑगस्ट २०२५ मध्ये रिस्क-फाइव्हची जबाबदारी असलेल्या मेंटेनरने बदल उशिरा पाठवले, त्यातला काही कोड टोरवाल्ड्सला गचाळ वाटला, आणि त्याने सगळ्यांसमोर कडक शब्दांत ते परत पाठवले. त्याच्या बोलण्याच्या पद्धतीवर वाद होऊ शकतो. पण सामायिक कोडमध्ये एका घराण्याने केलेला कचरा बाकी वीस जणांना उपसावा लागतो, हा मुद्दा खराच आहे.

आता भारताकडे या. सरकारने एप्रिल २०२२ मध्ये 'डीआयआर-व्ही' कार्यक्रम सुरू केला. त्याखाली आयआयटी मद्रासचे 'शक्ती' आणि सी-डॅकचे 'वेगा' प्रोसेसर येतात. वेगाचं काम सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्रात चालतं. शक्तीवर २०१८ मध्येच लिनक्स बूट झालं होतं. ही कामं लहान नाहीत. स्मार्ट मीटर, कारखान्यातली यंत्रं, गाड्यांचे कंट्रोलर, उपग्रहातली उपकरणं इथे ती सरळ उपयोगाची आहेत, कारण तिथे सॉफ्टवेअर मोजकं असतं आणि बनवणाऱ्याच्याच हातात असतं. तिथे प्ले स्टोअरची लाखो अ‍ॅप लागत नाहीत. ध्रुव६४ची जागाही तिथेच आहे. १ गिगाहर्ट्‌झ, दोन कोअर म्हणजे आजच्या फोनची स्पर्धा नव्हेच, आणि त्यात कमीपणा काही नाही.

खटकतं ते एवढंच की आपल्या बातम्यांत चिपचा फोटो असतो, सॉफ्टवेअरची ओळही नसते. त्या चिपचे ड्रायव्हर मूळ लिनक्समध्ये गेलेत, की कुठल्या तरी वेबसाइटवर झिप फाइलमध्ये जुन्या कर्नेलसोबत पडून आहेत? आरव्हीए२३ पाळायचा विचार आहे का? पाच वर्षांनी दुरुस्त्या पाठवायला पगारी माणसं असतील का? परदेशी कंपन्यांची कितीतरी बोर्डं याच तीन प्रश्नांवर मेली. कागदवजनाइतकाच त्यांचा आज उपयोग.

फोनचं म्हणाल तर डोळे फोनवर नको, आधी घड्याळांवर ठेवा. स्मार्टवॉचमध्ये अ‍ॅप कमी, त्यामुळे अँड्रॉइड तिथून शिरण्याची शक्यता जास्त. आणि ज्या दिवशी गूगलच्या सामायिक कर्नेलच्या यादीत आर्म आणि एक्स८६च्या शेजारी तिसरं नाव पुन्हा दिसेल, त्या दिवशी फोनची बातमी गंभीरपणे घ्या.

तोवर हात शिवशिवत असतील तर बोर्ड विकत घ्यायची गरज नाही. साध्या लॅपटॉपवर 'क्यूएमू' नावाचा मोफत एम्युलेटर टाका, त्यात डेबियन १३ची रिस्क-फाइव्ह आवृत्ती चढवा. हळू चालेल, पण खरीखुरी चालेल. मग तुमच्या आवडीचा एखादा छोटा ओपन-सोर्स प्रोग्रॅम त्यावर बांधून बघा. बांधला गेला नाही, तर एररची पहिली ओळ नीट वाचा. ती चूक अजून कोणी कळवलेली नसण्याची बरीच शक्यता आहे.